मागच्या खोलीचं उद्दिष्ट

आमच्या ऑफिसात उद्दिष्टं वरून येतात. इतकी घरकुलं, इतकी शौचालयं, इतकी झाडं. ती आली की पंचायत समितीतले आम्ही कारकून लोक एक तक्ता आखतो, शेवटी 'शेरा' नावाचा रकाना ठेवतो आणि महिनाअखेरीस तो भरून टाकतो. तेरा वर्षं हेच केलेला माणूस बाप झाल्यावर दुसरं काय करणार? मुलगी पाच महिन्यांची झाली आणि मी घरासाठी उद्दिष्टं ठरवली.

ती तीन होती. मागची खोली रिकामी करणे. माझ्या पगारात घरातलं आणखी एक माणूस सुखाने राहील असा महिन्याचा खर्च बसवणे. आणि घरात एकही नवी वस्तू न आणणे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने रेघा मारून तक्ता केला आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. बायकोने तो उभ्या उभ्या वाचला, शेऱ्याच्या रकान्यावर तिची नजर जरा रेंगाळली, आणि मग ती लंगोट वाळत घालायला निघून गेली.

यामागे कारण होतं. बायको सेवाग्राम रोडवरच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करते. तिची सुट्टी संपत आली होती. रथसप्तमीनंतरच्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल, असं मालकाने गोड आवाजात पण स्पष्ट सांगितलं होतं. हे काम तिने फार कष्टाने मिळवलं होतं आणि तिला ते मनापासून आवडतं. प्रश्न एवढाच होता की मी समुद्रपूरच्या बसमध्ये आणि ती लॅबमध्ये असताना मुलीला कोण बघणार. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. दिवसभर सांभाळणाऱ्या एका बाईला विचारलं, तर तिने बायकोच्या अर्ध्या पगाराएवढी रक्कम सांगितली. राहिल्या सासूबाई. त्या आर्वीकडे रोहण्याला मुलाकडे राहतात. त्या येते म्हणाल्या होत्या, आणि त्यांना टेकायला एक खोली हवी होती.

आता ती खोली कशी होती ते सांगतो. निम्म्या खोलीत कूलर. वर्ध्यात चार महिने कूलर आपल्याला सांभाळतो आणि आठ महिने आपण त्याला. उरलेल्या निम्म्या खोलीत बारशाचा आहेर होता. छत्रीसारख्या उघडणाऱ्या तीन मच्छरदाण्या, दोन पाळणे, चांदीसारख्या दिसणाऱ्या सात वाट्या आणि चार भिंतीवरची घड्याळं. पाच महिन्यांच्या मुलीला वेळ कशाला बघायची असते ते मला अजून कळलेलं नाही. शिवाय बायको बाळंतपण आटोपून माहेरून आली तेव्हा सासूबाईंनी लेकीला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून टेम्पोच भरून दिला होता. त्यात डिंकाच्या लाडवांचे डबे, कणगीएवढी तुरीची डाळ आणि चादरीत बांधलेला एक भलामोठा गठ्ठा होता. तो गठ्ठा कूलरच्या मागे कोंबलेला होता.

मी हात धुऊन त्या खोलीच्या मागे लागलो. मच्छरदाण्या दोन घरी पोचवल्या. एक पाळणा ऑफिसातल्या शिपायाला दिला, त्याच्याकडे नुकताच नातू झाला होता. घड्याळं मात्र कोणी घेईना. खर्चाच्या बाजूलाही मी मागे नव्हतो. टीव्हीचं महागडं पॅकेज बंद केलं, रविवारचं बाहेरचं जेवण महिन्यावर आणलं आणि ऑफिसातला चहा एकावर आणला, म्हणजे दुसरा साहेबांच्या खोलीत जाऊन पिऊ लागलो. तिसऱ्या उद्दिष्टाचं काही खरं नव्हतं, कारण दिवस हळदीकुंकवाचे होते. बायको मुलीला कडेवर घेऊन रोज कुठेतरी जायची आणि वाण म्हणून चहाची गाळणी, नाहीतर साबणाची डबी घेऊन यायची. मी तक्त्याकडे बोट दाखवायचो. ती म्हणायची, वाण परत करतात का कोणी?

सासूबाई शनिवारी येणार होत्या. शुक्रवारी मी किरकोळ रजा टाकली. दुपारी बायको हळदीकुंकवाला गेली आणि गल्लीतून भांडेवालीची हाक आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई आमच्या भागात महिन्यातून एकदा येते. मी कूलरमागचा गठ्ठा ओढून दारात आणला आणि सोडला. आत सुती साड्या. विटलेल्या, काही काठाला उसवलेल्या, एक तर मधोमध जोडलेली. एवढ्या फाटक्या साड्या कोणी आहेरात देतं का, असंही माझ्या मनात आलं. भांडेवालीने एकेक साडी उलटून पाहिली, नाक मुरडलं आणि एक मध्यम डबा पुढे केला. मी मान हलवली. अर्धा तास आमची घासाघीस चालली आणि शेवटी झाकणासकट एक मोठा स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, मी पदरात पाडून घेतलं. माझी छाती फुगली होती. नवी वस्तू घरात आली, पण गठ्ठा गेला, असा हिशेब मी तक्त्याच्या शेऱ्यात लिहूनही टाकला.

बायको आली. गंज पाहिला, मग खोली पाहिली. कूलरच्या मागे वाकून पाहिलं आणि तशीच खाली बसली.

"माह्या आईचं इथं राह्याचं कारणच देऊन टाकलं तुम्ही," ती म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते तिने मला आधीही सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेल. मी तेव्हा यादी करत असेन. सासूबाईंच्या पिढीत आईने लेकीच्या घरी जाऊन राहणं बरं दिसत नाही. आमच्या लग्नानंतर त्या एकदा दोन दिवस आल्या होत्या, तर आपल्यापुरतं पीठ सोबत घेऊन आल्या आणि जाताना लेकीच्या हातात पैसे ठेवून गेल्या. जावयाचं अन्न फुकट खायचं नाही, ही त्यांची गाठ पक्की. पण कामासाठी गेलेल्या बाईला कोणी नावं ठेवत नाही. म्हणून त्यांनी रोहण्यात घरोघर फिरून बायकांच्या वापरून मऊ झालेल्या साड्या गोळा केल्या होत्या. चार घरचं जुनं लेकराच्या अंगाला लागावं म्हणतात. नातीच्या गोधड्या शिवायला वर्ध्याला जाते, असं गावाला आणि सुनेला सांगून त्या निघणार होत्या. गोधड्या शिवून व्हायला किती दिवस लागतात हे कोणी विचारत नाही. मायलेकींनी हे सगळं ठरवलं होतं, आणि ठरवताना त्यांना तक्त्याची गरज पडली नव्हती.

शनिवारी सकाळी गंज स्कूटरवर पायाशी ठेवून मी रेल्वे लाइनपलीकडच्या वस्तीत भांडेवालीला शोधत गेलो. ती भेटली, चहाही दिला. पण माल पहाटेच व्यापाऱ्याकडे गेला होता. मऊ सुती कापड गॅरेजवाले हात पुसायला नेतात, त्याला सगळ्यात आधी गिऱ्हाईक, असं तिने समजावून सांगितलं. एक चांगली साडी तेवढी तिने स्वतःला ठेवली होती, आणि ती तिने नेसलेलीच होती. ती कशी मागणार? मी गंज घेऊन परत आलो.

दुपारी आर्वीच्या गाडीने सासूबाई आल्या. नातीचे मुके घेऊन झाले, मग खोली पाहिली. झाडलेली, पुसलेली, खाट टाकलेली. कौतुकाने मान हलवत त्यांनी पिशवीतून सुयांची डबी, दोऱ्याची रिळं आणि कात्री काढून खाटेवर मांडली.

"गठ्ठा कोठी ठेवला?" त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एकेक रीळ परत पिशवीत ठेवलं आणि शेवटी सुयांची डबी ठेवली. म्हणाल्या, होते असं. मंगळवारच्या गाडीनं जातो मी. मी म्हटलं, मुलीला सांभाळणं हेच केवढं मोठं काम आहे.

"नातीले खेळवनं काम असते काय?" त्या म्हणाल्या. "अन् लेकीच्या घरी बिनकामाची बसू काय मी, जावईबापू?"

सोमवारी सकाळी लॅबला फोन करून नाही सांगते, असं बायको संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाली. तिने ते इतक्या साध्या आवाजात म्हटलं की मला स्वतःची लाज वाटली. ज्या नोकरीसाठी मी खोली रिकामी करत होतो, ती नोकरी मी खोली रिकामी करूनच घालवली होती.

रविवारी सकाळी मी सुती कापड आणायला बाजारात निघालो होतो, पण बायको म्हणाली की नव्या कापडाची गोधडी लेकराला टोचते, वापरलेलंच लागतं. मी स्कूटर परत लावली आणि शेजारच्या दारावर गेलो. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहतात. तुमच्याकडे एखादी जुनी, फाटकी सुती साडी आहे का, हे एका सरकारी नोकराने सकाळी आठ वाजता परक्या बाईला कसं विचारावं? मी विचारलं. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. मग मी सगळंच सांगून टाकलं, गंजासकट. त्या पोट धरून हसल्या, आत गेल्या आणि तीन साड्या घेऊन आल्या. त्यांनीच पुढच्या घरी हाक मारली. मागून दुसऱ्या गल्लीतही बातमी गेली. ज्या बायकांकडून माझी बायको महिनाभर गाळण्या आणि साबणाच्या डब्या आणत होती, त्या सगळ्या दुपारपर्यंत आमच्या मागच्या खोलीत होत्या आणि प्रत्येकीच्या काखेत कापड होतं. कोणी आईची साडी आणली, कोणी टाकवत नाही म्हणून दहा वर्षं जपलेली. चादरी आल्या, धोतरं आली. खाट दिसेनाशी झाली.

सासूबाई मधोमध बसून एकेक साडी चिमटीत चोळून बघत होत्या. हे नायलॉन, नाई चालत. हे ठीक. ही वरून लावाची, रंग काय सुरेख हाय. शिक्षिकाबाई त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या की मलाही दोन शिवून द्या, मी पैसे देईन, आजकाल हातशिलाईची गोधडी मिळते कुठे? लगेच दुसरी म्हणाली मलाही. सासूबाईंनी हातातली साडी खाली ठेवली. एका गोधडीचे किती देता, त्यांनी विचारलं. शिक्षिकाबाईंनी आकडा सांगितला. सासूबाईंनी त्यावर शंभर चढवले. माझी परवाची घासाघीस त्यांच्यापुढे पोरखेळ होता.

बायका गेल्यावर त्या मला म्हणाल्या की या पैशातून मी माझ्या पिठाचं अन् दुधाचं देत जाईन. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोने माझ्या पायावर पाय दिला. मी तोंड मिटलं.

सासूबाईंनी पिशवीतून सुयांची डबी काढली, सुईत दोरा ओवला आणि पहिली साडी जमिनीवर पसरली. मुलगी पालथी पडून तिच्या काठावर हात मारायला लागली. त्यांनी खोलीभर पडलेल्या त्या ढिगाकडे एकदा नीट पाहिलं.

"एवढ्याले तं वर्ष लागन," त्या लेकीकडे न बघता म्हणाल्या. "तू जा उद्या ड्युटीवर. मले अठी काम हाय."

बायको आत गेली आणि लॅबचा पांढरा कोट इस्त्री करायला घेतला. इस्त्री अजून गरमही झाली नव्हती, तरी ती फिरवत राहिली.