कुकरचं झाकण

कुठला कुकर घ्यावा, असले तुलनेचे लेख मी लिहितो. काल भांड्यांच्या दुकानात एक आजोबा माझाच लेख मोबाइलवर वाचून बायकोला सांगत होते, "अगं, हाच घे, पहिला नंबर आहे." आजींच्या सांधेदुखीनं वाकलेल्या बोटांना त्याचं झाकण फिरवता येईना.

"लिहिणाऱ्याचे हात धड असतील हो," त्या हसून म्हणाल्या, "पण आपला भात मला अजून स्वतःच लावायचाय."

त्यांनी सहज लागणाऱ्या झाकणाचा कुकर घेतला. मी शरमून बाजूलाच उभा होतो. तळाची जाडी, हमी, सगळं मी तोललं होतं. हात मात्र विसरलो होतो. वस्तू निवडताना माणूस किती काय जपू पाहत असतो! घरी येऊन लेख नव्यानं लिहायला घेतला. पहिलं वाक्य आजींनीच दिलं होतं: आधी झाकण लावून बघा.