सहलीला येणारी बंदूक

आमच्या मुलींच्या शाळेची सहल वर्षातून एकदा, धान घरात आलं की, बोदलकसा तलावावर जायची. आम्ही जायचो पाखरं बघायला आणि सोबत येणारा माणूस यायचा ती मारायला. यात कोणालाच काही वावगं वाटत नसे.

हा माणूस म्हणजे गावचा मालगुजार. गाव त्याचं, बैल त्याचे, रेंग्या म्हणजे छोट्या बैलगाड्याही त्याच्याच. जंगलाच्या वाटेनं पोरींना पायी धाडायला कोणाचे आईबाप तयार नव्हते, म्हणून त्याच्या दोन रेंग्या आल्या तरच सहल. पोरींच्या रक्षणासाठी म्हणून तो बंदूक घेऊन स्वतः यायचा. जणू बदकंच आमच्यावर चालून येणार होती! तो मागं बसला की रेंगी उलार व्हायची, म्हणून आम्हां पोरींना पुढं कोंबत.

तलावाच्या पाळीवर पोचलं की बाई आम्हांला तोंडावर बोट ठेवून बसवत. बाई लहानपणीच विधवा झालेल्या, शिकून मास्तरीण झालेल्या, आणि मालकापुढं 'हो जी'खेरीज काही न बोलणाऱ्या. आम्ही चूप बसलो तर पाखरं बसत, पाखरं बसली तर मालकाचा नेम लागे आणि नेम लागला तर पुढच्या वर्षी रेंग्या मिळत. आमचं सृष्टिज्ञान एवढंच. बदक आम्ही एक तर उडताना पाहिलं, नाही तर पाय बांधून रेंगीत.

एका वर्षी मालकाचा एकही नेम लागला नाही. "कायले शिंकून राहिली व?" म्हणून तो एका पोरीवर खेकसला. शिंक बंदुकीचा बार उडाल्यावर आली होती, पण हे त्याला कोण सांगणार? तेवढ्यात समोरच्या उथळ पाण्यात सारसाची जोडी उतरली.

सारस आमच्याकडं कोणी मारत नाही. एक गेला की दुसरा अन्नपाणी सोडून जीव देतो म्हणतात. घरोघरी भांडणाऱ्या नवराबायकोला हेच ऐकवत, सारस आपसांत भांडतात का ते न विचारता. पण मालकाला रिकाम्या हातानं घरी जायचं नव्हतं. त्यानं बंदूक उचलली.

आम्ही बाईंकडं पाहिलं. बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"मुलींनो," त्या म्हणाल्या, "आज प्रार्थना राहिली."

"आत्ता?" मालक म्हणाला. पण माणूस देवभोळा. देवाचं नाव निघाल्यावर त्याला बंदूक खाली ठेवावी लागली, जोडे काढावे लागले, हात जोडावे लागले. आणि आम्ही सुरू केलं. धान राखताना पाखरं हाकलायची सवय होतीच, तोच गळा लावला. सारस उडाले, बदकं उडाली, पार पलीकडच्या काठावरचे बगळेसुद्धा उडाले. बाईंनी सगळी कडवी म्हणून घेतली, आणि मालक शेवटपर्यंत डोळे मिटून उभा. इतकी मजा मला पुढं कधी आली नाही.

पुढच्या वर्षी रेंग्या आल्या नाहीत. आम्ही वड्यांची गाठोडी घेऊन शाळेच्या पायरीवर ऊन चढेस्तोवर बसलो. येत्या उन्हाळ्यात माझं लग्न व्हायचं होतं, म्हणजे मला पुढची सहल नव्हतीच. वर्षभर मी त्या एका दिवसाची वाट पाहिली होती. मला इतका राग आला की मी बाईंना तोंडावर विचारलं, "एक सारस मेला असता तं काय झालं असतं? दुसऱ्यानं जीव देल्ला असता. संपलं असतं. आमची सहल तं राहिली असती!"

बाईंपुढं असं कोणी बोलत नसे. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार.

बाई माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसल्या.

"तसं लोक म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण दुसरा जीव नाही देत गं. तो जगतो. त्याच पाण्यात, एकटा."

माझा राग कुठल्या कुठं गेला आणि मला रडू फुटलं. बाईंनी माझं गाठोडं सोडून माझ्या हातात वडा दिला, आणि एक स्वतः घेतला.