तीन पायांची मशीन

आधी एक कबूल करा, मधे हसायचं नाही. शेवटी हसा, माझी ना नाही. पण मधे कुणी हसलं की माझा धागा तुटतो, आणि हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायची ताकद माझ्यात नाही. घशाला कोरड पडते हो अजून!

नगर जिल्ह्यातल्या बेलापुरात माझं मेडिकलचं दुकान आहे. वीस वर्षं झाली. आईवडिलांनी हौसेनं नंदकुमार नाव ठेवलं, पण गावात ते कुणाला माहीत नाही. "ओ मेडिकल, पित्ताची गोळी द्या." "काय मेडिकल, आज लवकर उघडलं?" वीस वर्षांत मला कुणी नावानं हाक मारली असेल तर ती फक्त लाइटबिलानं.

मला छंदांचा नाद आहे, हे एक दुखणं. बासरी झाली. काचेच्या पेटीतले मासे झाले. पळायचं मशीन झालं, त्याच्यावर सध्या टॉवेल वाळतात. शेवटी आमच्या वैशालीनं, म्हणजे बायकोनं, घरात ठराव मांडला. "ह्या घरात आता नवीन छंद यायचा नाही. आलाच, तर त्यानं आणि तुम्ही दोघांनी दुकानात झोपायचं."

आता तुम्हीच सांगा, अशा परिस्थितीत शहाण्या माणसानं काय करावं? गप्प बसावं. मी नगरला जाऊन कॅमेरा घेतला!

मोबाईलमधला नाही हं. मोठा, गळ्यात अडकवायचा, पुढं काच असलेला डीएसएलआर. सोबत तीन पायांचा स्टँडही घेतला. दुकानातला माणूस मला समजावत होता, "सर, पहिले सहा महिने ऑटोवर ठेवा. मॅन्युअलला जरा अभ्यास लागतो."

"आपण मॅन्युअलच," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मला आदराची वाटली. आता कळतंय, ती कीव होती.

कॅमेरा दुकानाच्या मागच्या खोलीत सलाईनच्या खोक्यात दडवला. दोन दिवस गिऱ्हाईक नसलं की मागं जायचं आणि अंधारात खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांचे फोटो काढायचे. अंधारामुळं फोटो काळे यायचे. मग आयएसओ नावाचा एक आकडा सापडला. तो वाढवला की उजेड वाढतो. वाढवत वाढवत शेवटच्या टोकाला नेला, आणि बाटल्या कशा लख्ख दिसायला लागल्या! झालं. आपल्याला फोटोग्राफी आली!

रविवारी वैशालीला सांगितलं, "संगमनेरला जाऊन येतो. औषधांचा माल आणायचाय." गाडी काढली, संगमनेर आलं तशी मान खाली घालून ओलांडलं, अकोले ओलांडलं, राजूर ओलांडलं, आणि भंडारदऱ्याच्या अलीकडं एका वाडीपाशी गाडी आपोआप थांबली.

काय देखावा होता! पोटरीला आलेल्या भाताची खाचरं पायऱ्यांसारखी खाली उतरत गेलेली, बांधांवर पिवळी सोनकी, मधे एक कौलारू घर, कडेला आंब्याचं झाड. मी बांधावर स्टँड रोवला, वर कॅमेरा बसवला, एक डोळा मिटला आणि कामाला लागलो. फोटो काढला की मागच्या पडद्यावर नुसतं पांढरं दिसायचं. म्हटलं, ऊन आहे, उन्हात पडदा दिसत नसतो.

एवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. सत्तरीचे एक म्हातारबाबा उभे होते. डोक्याला फडकं, हातात विळा.

"रामराम साहेब."

साहेब! अहो, साहेब! वीस वर्षं 'ओ मेडिकल' ऐकलेल्या कानात कुणीतरी मध ओतला.

"नगरवरून आलं का साहेब?"

कॅमेरा नगरचा होता. मी म्हणालो, "हो, नगरचंच."

"सरकारी हाय?"

इथं. नेमकं इथं माझी जीभ घसरली. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं हो! पण 'नाही' म्हटलं की साहेबपण जाणार. मी नुसता हसलो आणि म्हणालो, "तसंच समजा की!"

बाबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

"मग साहेब," ते हळूच म्हणाले, "आमचं किती जनू येतंय ह्याच्यात?"

मी कॅमेऱ्यातून पाहिलं. "सगळं येतंय, बाबा! त्या आंब्यापासून खाली ओढ्यापर्यंत. एक कोपरा सोडत नाही बघा."

"समदं?"

"समदं!"

"आन् घर?"

"घर जरा मधे येतंय. पण त्याचं काही नाही, नंतर काढून टाकता येतं."

"काढून टाकनार?"

"एका मिनिटात! आणि ते झाड आडवं येतंय ना, ते कापूनच टाकू."

तुम्हाला कळतंय. आता मलाही कळतंय. पण तेव्हा मी एक डोळा मिटून उभा होतो, आणि दुसऱ्या डोळ्यानं मला माझा मोठेपणाच दिसत होता. बाबा कधी गेले ते कळलंसुद्धा नाही.

पाच मिनिटांनी खालून गलका ऐकू आला. डोळा उघडून बघतो तर पंचवीस-तीस माणसं बांधावरून वर येतायत. बायासुद्धा. कुणाच्या हातात विळा, कुणाच्या हातात काठी. पुढं पांढऱ्या शर्टातला एक उंच गृहस्थ.

मी मूर्खानं काय करावं? म्हणालो, "अरे वा, सगळ्यांनी या! ग्रुप काढू!"

कुणी हसलं नाही. उंच गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मी हितला पोलीस पाटील. कागद दाखवा."

"कसला कागद?"

"मोजनीचा! मागल्या महिन्यात पल्याडच्या वाडीत अशीच तीन पायांची मशीन घेऊन मानसं आली. आज तिथं बांधाबांधाला लाल दगड रोवल्यात. कुनाला नोटीस न्हाई, काय न्हाई. आन् तुमी तर सोमाबाबाचं घर पाडायची भाषा केली!"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. आणि ती जमीन सोमाबाबांची होती.

"अहो, मी मोजणीवाला नाही! मी मेडिकलवाला आहे! बेलापूरचा!"

"मगाशी सरकारी म्हनला," सोमाबाबा मागून म्हणाले. "ही खाचरं माझ्या बापानं हातानं दगूड रचून केल्यात, साहेब. तुमी म्हनला, समदं येतंय."

मी हात हलवून समजावायला लागलो. "बाबा, फोटोत येतंय! फोटोत! घर फोटोतून काढून टाकायचं! झाड फोटोतून कापायचं!"

"फोटोग्राफर हाय व्हय तू?" एका बाईनं विचारलं. एव्हाना 'तुमी'चा 'तू' झाला होता. "मग दाव फोटो!"

हा माझ्या दृष्टीनं सुटकेचा क्षण होता. मी ऐटीत कॅमेरा काढला, पडद्यावर हातानं सावली धरली आणि पहिला फोटो दाखवला.

पांढरा.

दुसरा. पांढरा. तिसरा, चौथा, दहावा... नुसती चुन्याची भिंत! ऊन पडद्यावर नव्हतं पडलेलं, मीच पडलो होतो! घाम फुटला. मी भराभर मागं जात राहिलो, आणि पांढरं संपल्यावर एकदम लख्ख उजेडात खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या उगवल्या. एक, दोन, चाळीस बाटल्या.

"पुरावा पुसला त्यानं!" कुणीतरी ओरडलं. "समदं धुऊन टाकलंय!"

"आन् ह्या बाटल्या कसल्या?" दुसरा ओरडला.

मग काय विचारता? मला धरून नेलं नाही, पण चहूबाजूंनी माणसं चालत होती आणि मी मधे चालत होतो. ह्याला मराठीत जे म्हणतात तेच ते. मारुतीच्या मंदिरात सतरंजी टाकून बसवलं. कॅमेरा पाटलांच्या मांडीवर. तलाठ्याला फोन लागत नव्हता. आणि माणसं तरी कशी! एका बाईनं माझ्यापुढं चहाचा कप आदळला. "घ्या. मंग बघू तुमच्याकडं." वाडीत आलेल्याला चहा दिल्याशिवाय राहवत नव्हतं, आणि सोडवतही नव्हतं.

समोर खांबाला टेकून सोमाबाबा बसले होते. त्यांनी चहा घेतला नव्हता. माझ्याकडं बघत नव्हते, आपल्या तळहातांकडं बघत होते. खरं सांगतो, काठ्यांपेक्षा मला त्यांचीच जास्त भीती वाटत होती.

"घरी फोन लावा," मी म्हणालो. "माझी बायको सांगेल मी कोण ते."

"तुज्या फोनवरून न्हाई. नंबर सांग." पाटलांनी स्वतःच्या मोबाईलवरून लावला आणि स्पीकरवर टाकला. अख्खं मंदिर कान देऊन ऐकायला लागलं.

"हॅलो, बाई, मी पोलीस पाटील बोलतोय. तुमचे मालक कुठं हायेत?"

"ते संगमनेरला गेलेत. औषधं आणायला. का?"

"हितं भंडारदऱ्याकडं एक मानूस धरलाय. म्हनतो तुमचा नवरा हाय. फोटो काढतो म्हनतो."

"फोटो?" वैशाली म्हणाली. "आमच्याकडं कॅमेराच नाही."

मला राहवलं नाही. "अगं, मी बोलतोय! मी! घेतला कॅमेरा! नगरला घेतला!"

पलीकडून ठणठणीत आवाजात ती म्हणाली, "नवऱ्याला पकडलंय म्हणून फोन करायचा आणि पैसे उकळायचे! पेपरात रोज येतंय! आवाजसुद्धा हुबेहूब काढता येतो म्हणे हल्ली. पण तुमचं चुकलं. माझा नवरा एवढं किंचाळत नाही." आणि फोन कट!

पाटलांनी मोबाईल खिशात टाकला आणि माझ्याकडं बघून एकच वाक्य बोलले. "आता?"

आता काय? तेवढ्यात चहावाली बाई म्हणाली, "मंदाताईला बलवा की. तिला कळंल हे यंत्र कशाचं हाय ते."

मंदाताईंचा बाजाराच्या गावात फोटो स्टुडिओ. पंचक्रोशीतल्या बारशापासून दहाव्यापर्यंत सगळे फोटो त्यांचे. त्या स्कूटीवरून येईपर्यंत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात मी मारुतीला काय काय कबूल केलं, ते मारुतीला आणि मलाच ठाऊक.

पन्नाशीच्या बाई. पदर खोचलेला, चष्मा कपाळावर. आल्या, कुणाशी न बोलता कॅमेरा उचलला, चार बटणं दाबली, चाक बघितलं, पांढरे फोटो बघितले. मग माझ्याकडं बघितलं. डॉक्टर रिपोर्ट वाचून पेशंटकडं बघतात ना, तसं.

"किती दिवस झाले घेऊन?"

"तीन."

"आयएसओ एवढा? भर उन्हात?"

मी मान खाली घातली.

मंदाताईंनी चाक ऑटोवर फिरवलं आणि सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "हा कॅमेराच हाय. मोजनीची मशीन न्हाई. आन् सोडा ह्यांना. मोजनीवाल्याला निदान आपली मशीन तरी चालवता येती. ह्यांना काईच येत न्हाई!"

माझ्या आयुष्यात मला मिळालेलं हे सर्वात मोलाचं सर्टिफिकेट!

पहिल्यांदा कोण हसलं कळलं नाही, पण मंदिराचे पत्रे उडतील एवढं हसणं झालं. सोमाबाबा मात्र उठून मंदाताईंकडं गेले. "म्हंजे माझं खाचर ऱ्हातंय?"

"ऱ्हातंय बाबा. ह्यांच्या फोटोतसुद्धा आलं न्हाई, तर जाईल कुठं?"

तेव्हा कुठं बाबांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. मी जाऊन त्यांचे पाय धरले. म्हणालो, "बाबा, चुकलो. मी साहेब नाही." ते म्हणाले, "आरं, मग आधीच म्हनायचं ना लेकरा. रगात आटवलंस."

निघताना मंदाताईंनी सगळ्यांना देवळाच्या पायऱ्यांवर उभं केलं, मलाही मधे ओढलं आणि माझ्याच कॅमेऱ्यानं एक फोटो काढला. मग कॅमेऱ्यातून आपल्या मोबाईलवर घेतला. अशी काही सोय असते, हेही मला तेव्हाच कळलं. "पाठवते हं," त्या म्हणाल्या. "पाठवा, पाठवा," म्हणत मी स्टँड गोळा केला आणि जी गाडी हाणली, ती संगमनेरपर्यंत आरसासुद्धा बघितला नाही.

संगमनेरला पुरावा म्हणून दोन खोकी औषधं घेतली. दुकानात कॅमेरा सलाईनच्या खोक्यात ठेवला. तोंड धुतलं. घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वैशाली दारातच उभी.

"मिळाली औषधं?"

"मिळाली."

"आणि जमीन? किती एकर मोजलीत?"

अहो, तो पोलीस पाटील भला माणूस! बाई काळजीत असेल म्हणून त्यानं पुन्हा फोन करून तिला सगळं सविस्तर सांगितलं होतं. नंबर त्याच्याकडं होताच. आणि तोच नंबर त्यानं मंदाताईंनाही दिला होता.

वैशालीनं मोबाईल वर केला. मी दोन पावलं मागं सरकलो. आता बासरी निघणार, मासे निघणार. पण ती चक्क हसली. "फोटो मात्र झकास आलाय हं. ऊन काय सुंदर पडलंय, माणसं कशी खुलून दिसतायत. तुम्ही काढला?"

तीन दिवसांत माझ्या फोटोग्राफीला कुणी पहिल्यांदाच चांगलं म्हणत होतं. माणसाला कौतुकाची भूक वाईट! मी छाती पुढं काढली आणि म्हणालो, "म्हणजे काय! मीच काढला."

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि माझ्या नाकासमोर धरला. बरोबर मधोमध, दोन्ही हात जोडून, घामानं निथळत, मी उभा होतो.