खडशीची ओटी

पावसात पवनेला लाल पाणी आलं की खडस मासळी चढणीला लागायची. खालच्या डोहांतून वर निघून ओढ्याच्या उथळ, गोट्यांच्या पाण्यात अंडी घालायला जायची. माझं माहेर चिंचवड गावठाणातलं, नदीकाठच्या भोयांचं. मासे धरून विकणं हाच घरचा धंदा. पण चढणीच्या दिवसांत अंड्यांच्या गाभोळीनं फुगलेली पहिली मादी जाळ्यात आली, की वडील ती विकत नसत. आई तिच्या कपाळाला हळदकुंकू लावायची, चार तांदूळ वाहून ओटी भरायची, आणि वडील तिला जाळ्याच्या वरच्या अंगाला सोडून द्यायचे. "पोटुशी बाई माहेराला निघालीया, तिला आडवायची न्हाई," म्हणायचे. माशाला कपाळ असतं का, असं मी विचारलं की आई पाठीत धपाटा घालायची.

सत्तर सालाच्या आसपास कारखान्यांना पाणी हवं म्हणून नदीवर बंधारा झाला. चढणीची खडस भिंतीखाली येऊन उड्या मारायची, आपटायची, पुन्हा मारायची. शिफ्ट सुटली की खोल्यांवरची माणसं पोती घेऊन हजर. फुकट ते पौष्टिक! वडील कुणाशी भांडले नाहीत. घागर घेऊन भिंतीखाली उतरायचे, पोटुशी मादी हाताला लागेल तशी उचलायचे आणि वर नेऊन सोडायचे. "काय राव, माशांची बाळंतपणं करता का?" असं लोक हसून विचारायचे. वडील म्हणायचे, "व्हय."

तोवर माझं लग्न होऊन मी चाकणच्या पलीकडे, भामेच्या काठी नांदत होते. सासरही भोयांचंच, शिवाय थोडी शेती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातवा लागला तशी मी वाटेकडे डोळे लावून बसले. सासूबाई म्हणाल्या, "कांद्याची लागण उरकू दे, मग बघू." वडिलांनी निरोप धाडला, पण स्वतः आले नाहीत. बोलावल्याशिवाय लेकीच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, व्याह्यांना बोल लावायचा नाही, हा त्यांचा ताठा. मूल सासरीच झालं. ते रडलंच नाही. नंतर मला दुसरं मूल झालं नाही. वडिलांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही, आणि माझा त्यांच्यावरचा राग गेला नाही. चढणीचेच दिवस होते ते. नदीवरच्या सगळ्या पोटुश्या त्यांनी उचलून नेल्या होत्या.

पुढे पवनेच्या डोहांत फेस यायला लागला आणि खडस येईनाशी झाली. वडिलांचा एक नियम होता, "दिसाया सारखी, पर नदीनदीचं गोत निराळं. हितली तिथं सोडायची न्हाई." पण आई गेली, ते थकले, आणि भिंतीखाली एकही उडी दिसेना. तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला निरोप धाडला, भामेतली एक पोटुशी खडस आण म्हणून.

नवऱ्यानं धरली. कांद्याच्या टेम्पोत पाण्याचं पिंप ठेवून आम्ही ती चिंचवडला आणली. खड्डा आला की मी पिंपाला मिठी मारत होते. वडिलांनी कुंकू लावलं, ओटी मी भरली. बंधाऱ्याच्या वर सोडली तशी ती झटकन खोल गेली. "आता वढ्याला जाईल बग," म्हणत वडील इतके हसले की मलाही हसू आलं.

सकाळी ती भिंतीपाशीच सापडली. वरच्या बाजूनं, तोंड भिंतीकडे, नाकाड सोलून निघालेलं, मेलेली. ओढ्याकडे गेलीच नव्हती. आपली भामा शोधत ती भिंतीला धडका देत राहिली, असंच आम्हाला वाटलं. पोटात गाभोळी तशीच होती.

वडिलांनी तिला मांडीवर घेतलं. नवरा म्हणाला, "मामा, मासळीच हाय ती. सोडा आता."

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"जिला आनायला पायजे व्हतं तिला आनली न्हाई," ते म्हणाले, "आन् हिला आनून मारली."

मी तिथंच चिखलात बसले आणि माझ्या बाळासाठी त्यांच्यासमोर पहिल्यांदा रडले.