वेबकॅम लागला तेव्हा
काल खण आवरताना जुना वेबकॅम हाती लागला आणि आईचा शेवटचा उन्हाळा आठवला. तिला कॅन्सर झाल्याचं आम्ही दुबईतल्या दादाला सांगितलं नव्हतं. अशक्तपणा आहे, एवढंच म्हणायचो. एकदा त्याने हट्टच धरला, आईला बघायचंय. मी इथल्या, अमरावतीच्या राजापेठेतून वेबकॅम आणला. आई डोक्यावरून पदर घट्ट ओढून, तोंडाला पावडर लावून कूलरसमोर बसली. दादा स्क्रीनवर दिसत होता, पण आमचा कॉम्प्युटर नवा वेबकॅम ओळखतच नव्हता. ड्रायव्हर टाकला, वायर काढून पुन्हा लावली, तरी तेच. "मी त्याले कावून दिसून नाई राहिली?" आई सारखी विचारत होती. शेवटी वायर मागच्या पोर्टमध्ये लावली आणि चित्र आलं. आई हरखून पुढे वाकली, तसा पदर खांद्यावर घसरला. दादा बोलता बोलता थांबला. "अरे, उनाचा लय तरास होते, म्हून केस काढून टाकले," आई हसत म्हणाली. "बरं केलं," म्हणून दादाने तोंड फिरवलं. त्याला सुट्टी मिळेपर्यंत आई गेली होती. आता तो अमरावतीतच असतो. आम्ही रोज भेटतो, पण त्या दिवसाबद्दल अजून एकमेकांशी बोललेलो नाही.