सगळ्यात वरचा फोटो

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मला आठवावं लागत नाही. खडवलीच्या आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचे. माझे वडील वीटभट्टीवर कामाला. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. बाईंनी मला आठवीत असताना शाळेच्या दारातला सुविचाराचा फळा लिहायला दिला. हातात बोरू दिला, अक्षराचं पोट कुठे आणि मान कुठे ते शिकवलं. बारावीनंतर वडील मला भट्टीवरच लावणार होते, तेव्हा बाई स्वतः चालत भट्टीवर आल्या. धुरात पदर नाकाला लावून वडिलांना म्हणाल्या, "याला कल्याणच्या कॉलेजात घाला. तीन वर्षं मला द्या." मी पदवीधर झालो तो त्या दोन वाक्यांवर.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मी फार चांगला दिसत नाही.

मी कल्याणला एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. चौकाचौकात वाढदिवसाचे बॅनर दिसतात ना, वर मधोमध एक मोठा चेहरा, दोन्ही बाजूंना जरा लहान, मग खाली शुभेच्छुकांची रांग, ते काम माझं. त्यात चुकून चालत नाही. कुणाचा चेहरा कुणाहून बोटभर मोठा झाला की माणसं बॅनर गुंडाळून दुकानात भांडायला येतात. चार वर्षांत तो क्रम माझ्या हातात इतका बसला आहे की कोरं पान समोर आलं की मी आधी ठरवतो, वर कोण.

कॉलेजात माझ्या बाकावर बसणारा मित्र कोपरला राहतो. एका शुक्रवारी त्याने दोन लिंक पाठवल्या. पहिली ठाण्यातल्या एका डिझाइन कंपनीच्या जाहिरातीची. जागा एकच. प्रमाणपत्रं नकोत, स्वतःच्या कामाची वेबसाइट हवी, मुदत रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. दुसरी लिंक त्याच्या नव्या वेबसाइटची. खाली लिहिलेलं : 'दोन तासांत बनवली. तयार साचे असतात, फोटो टाक, मजकूर बदल, झालं. मी अर्ज केलाय, तू पण कर.'

मी त्याची वेबसाइट उघडली. पहिल्या पानावर तो एकटा. पूर्ण स्क्रीनभर त्याचा चेहरा, हाताची घडी, आणि शेजारी एकच ओळ : 'मी गोष्टी सोप्या करतो.' खाली दोन कामं. एक चहाच्या दुकानाचं अ‍ॅप, जे दुकान कुठेच नाही. एक साबणाचं वेष्टन, जो साबण कुणी विकत नाही. माझे बॅनर शहाडपासून शिळफाट्यापर्यंत लटकत होते, आणि ठाण्याला जाणार होता हा.

शनिवारी सकाळी दिव्याला, माझ्या चाळीसमोर, पाण्याच्या टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभा होतो, तेव्हाही फोनवर तीच वेबसाइट उघडी होती. मला त्याच्या कामाचा हेवा वाटत नव्हता. त्या हाताच्या घडीचा वाटत होता. स्वतःला असं पानभर मोठं करताना मागे वळून कुणाला विचारावं असं त्याला वाटलं नसेल. आणि जागा एकच असताना मला जाहिरात पाठवण्याइतका तो निवांत होता. मला ती जाहिरात आधी कळली असती तर मी त्याला पाठवली असती का? नसती. हे मला रांगेतच कळलं, आणि त्याचाही राग त्याच्यावरच काढला.

रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन बसलो. खरंच सोपं होतं. साचा निवडला, फोटो ओढून टाकले, अकराच्या आत पहिलं पान तयार. मधोमध सगळ्यात वर बाई. शाळेच्या निरोप समारंभातला, अबोलीच्या वेणीतला फोटो. डावीकडे वडील, उजवीकडे आई. त्याखाली दुकानाचे मालक, कारण डिझाइन त्यांनी शिकवलं. सगळ्यात खाली, एका गोलात, मी. पुढच्या पानावर माझे सहा बॅनर. मला ते पान मनापासून आवडलं. मी लगेच बाईंना लिंक पाठवली : 'बाई, माझी वेबसाइट झाली. सगळ्यात वर तुम्ही आहात.' त्यांचं उत्तर आलं, 'फोनवर मला नीट दिसत नाही रे. उद्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर उघडते. सगळ्यांना दाखवते.'

मग मला मित्राला दाखवायचा मोह झाला. मला त्याच्या तोंडून 'भारी' ऐकायचं होतं. दुपारी त्याच्या घरी गेलो. त्याने पान उघडलं, क्षणभर बघितलं, आणि असा हसला की खुर्ची मागे सरकली.

"अरे भाई, वाढदिवस कुणाचा आहे?"

त्याने आत हाक मारली.

"आई, बाहेर ये, बघ ना! खाली फक्त 'शुभेच्छुक, समस्त मित्रमंडळ' लिहायचं राहिलंय!"

त्याची आई कणकेच्या हातांनी बाहेर आली. "हसतोस काय रे त्याला? किती छान वाटतंय, देवघरासारखं."

ते ऐकून तो आणखी हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "नाही यार, सॉरी. पण तू कुठेयस ह्यात? हा खाली बटणाएवढा? ते माणूस शोधतायत ना, त्यांना कळायला नको कोण ते? आणि बॅनर ठेव हां. माझं एक तरी काम खरं आहे का? तुझे खरे आहेत."

हे सगळं आज मला शब्द न् शब्द आठवतं. त्या दिवशी मात्र मी फक्त 'बटणाएवढा' ऐकलं. बॅनर ठेव म्हणतोय म्हणजे माझं हसं व्हावं असं याला वाटतंय, हेही मी रस्त्यानेच ठरवून टाकलं. पोळी-भाजी खाऊन जा म्हणत त्याची आई दारापर्यंत आली, तरी थांबलो नाही.

घरी आलो तेव्हा साडेचार वाजले होते. आधी मालकांचा फोटो काढून टाकला. मग आई, मग वडील. एकेक चेहरा निघाला की साचा आपोआप जागा भरून घेत होता. शेवटी बाई राहिल्या. त्यांच्यावर बोट ठेवून मी थोडा वेळ थांबलो, पण घड्याळ पाहिलं आणि काढलं. शेजाऱ्याकडून भिंतीसमोर फोटो काढून घेतला, हाताची घडी घालून. शेजारी ओळ लिहिली : 'मी गोष्टी सुंदर करतो.' सहाच्या सहा बॅनर काढून त्यांच्या जागी कुणीही न विकलेल्या कॉफीचं पाकीट बनवून टाकलं. सहाला दहा मिनिटं असताना अर्ज पाठवला. पान अगदी त्याच्यासारखं दिसत होतं, आणि मला बरं वाटत होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीच्या वेळेला बाईंचा मेसेज आला. 'वेबसाइट पाहिली. फोटो रुबाबदार आहे. मुख्याध्यापकांना आणि शिपाईमामांनाही दाखवला. माझा फोटो मात्र सापडला नाही. सगळीकडे शोधला. आमचा कॉम्प्युटर जुना आहे, बहुतेक त्यामुळे दिसत नसेल.'

दुकानात गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी उत्तर दिलं, 'हो बाई, तसंच असेल.'

ठाण्याहून मला बोलावणं आलंच नाही. मित्राला आलं, आणि जागाही त्यालाच मिळाली. तो पेढे घेऊन दुकानात आला. मी पेढा तोंडात टाकला आणि अभिनंदन म्हणालो. त्याने विचारलं, "बाई खूश झाल्या का रे वेबसाइट बघून?"

"काढून टाकला त्यांचा फोटो. तूच हसलास ना."

तो म्हणाला, "मी तुला मोठा हो म्हटलेलो. बाईंना काढ असं कधी म्हटलो?"

त्याचं खरं होतं. तेही मला आवडलं नाही. त्या आठवड्यात मी बोरू शोधून काढला, तासला, आणि बाईंना पत्र लिहिलं. ते असं.

ती. बाईंना नमस्कार.

तुमचा कॉम्प्युटर जुना नाही. तुमचा फोटो मी काढून टाकला होता. तुम्हाला लिंक पाठवल्यावर, त्याच संध्याकाळी.

माझा एक मित्र आहे. त्याच्यासारखं दिसावं म्हणून मी ते केलं. तो हसला म्हणून केलं असं मी स्वतःला सांगत होतो, पण तो नुसता हसला होता, काढलं मी. मग तुम्ही विचारलंत, तेव्हा खोटं बोललो. मुख्याध्यापकांसमोर तुम्ही तुमचा फोटो शोधत बसला असाल, हे डोळ्यांसमोरून जात नाही.

नोकरी मला मिळाली नाही, त्याला मिळाली. बाई, मी अजून त्याच्यावर जळतो. तुम्हाला दुसरं काही लिहिलं असतं तर तेही खोटं झालं असतं. तो चांगला मुलगा आहे, त्यामुळे जास्त जळतो.

काल वेबसाइट पुन्हा बनवली. पहिल्या पानावर मी आहे, हाताची घडी नाही, कामाला बसलेला. खाली माझे बॅनर आहेत, सगळे खरे. तुम्हाला मी परत लावलेलं नाही. एकदा न विचारता लावलं आणि न विचारता काढलं. आता तुम्ही हो म्हणालात तर लावीन. जागा ठेवली आहे. तिथे सध्या काहीच नाही, कॉम्प्युटर कुठलाही असला तरी रिकामीच दिसेल.

अक्षर बिघडलं आहे. चार वर्षांत बोरू धरला नव्हता. चुका लाल शाईने दाखवून पत्र परत पाठवलंत तरी चालेल.

तुमचा फळा लिहिणारा