गाणे उचलणारे बाबा

महाडात आमचे देऊळ म्हणजे एक बुटकी कौलारू इमारत होती. गावात ख्रिस्ती कुटुंबे सगळी मिळून अकरा, त्यांतल्या चारांतले पुरुष मुंबईला गिरणीत. रविवारी तीस माणसे जमली की आमचे उपदेशक समाधानाने खाकरत आणि प्रार्थनेला सुरुवात करत.

एकोणीसशे तिसाच्या आगेमागे मी पुण्याहून बी.ए. होऊन परत आलो आणि महाडच्या शाळेत शिक्षक झालो. माझ्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिलाच. मला ज्यांनी शिकवले, ज्यांनी पुस्तके दिली, ज्यांनी वसतिगृहात जेवू घातले, त्या सर्वांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. पण पदवी घेऊन परतल्यावर मला बसायला जागा उरली नव्हती, हेही खरे. गावातली शिकलेली माणसे माझ्याशी ओटीवर उभ्याने चांगले बोलत, आत या म्हणत नसत. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी होती. तिथे सुटीत गेलो की वडील उठून उभे राहत आणि आपल्या खालची घोंगडी मला देत. आई शेजारणींना म्हणे, हळू बोला गो, मास्तर वाचतोय. मी वाचत नसे. माझ्याशी कुणी बोलत नव्हते म्हणून पुस्तक धरून बसलेला असे. महाडातल्या खोलीवर संध्याकाळी भात शिजायला ठेवला की दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा होईपर्यंत मला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे.

म्हणून रविवार मला फार मोठा वाटे. रविवारी माझ्यापुढे पेटी असे.

देवळात वाजवणारे आणि गाणारे आम्ही चौघे होतो. पुढे आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणची उपासना पाहिली, आणि वाद्य माणसाचा स्वभाव घडवते की स्वभाव वाद्य निवडतो, याचा मला निकाल लावता आला नाही. पण माणसे मात्र सगळीकडे तीच भेटली. आमचा ढोलकीवाला वरंधचा सुतार होता. तो नेहमी उशिरा येई, उपदेश चालू असताना शेजाऱ्याच्या कानात बोले, आणि एकदा हात ढोलकीवर पडला की त्याचा ठोका तसूभर हलत नसे. जगात बाकी सगळे मागे पडतात आणि आपण तेवढे वेळेवर असतो, अशी त्याची खात्री होती. टाळ वाजवणारी बाई दवाखान्यात सुईण होती. ती विधवा होती, कुणाकडे न पाहता वाजवी, आणि देवाशी तिचे काही जुने भांडण असावे अशा आवाजात गाई. तिसरा मी. पेटीत सूर आधीच तयार असतात, ते शोधावे लागत नाहीत. त्यामुळे पेटीवाल्याला दुसऱ्याचे चुकणे लवकर कळते आणि आपण कधी चुकलो हे उशिरा.

चौथे, देवळातले सगळे ज्यांना बाबा म्हणत ते. त्यांच्या हातात काहीच नसे. ते गाणे उचलत.

आमच्याकडे रीत अशी होती की, पहिली प्रार्थना संपली, लोकांनी आमेन म्हटले, की बाबा पहिल्या रांगेतून उठत, डोळे मिटत, आणि पेटी-ढोलकीशिवाय एकटेच पहिली ओळ म्हणत. ओळ संपेपर्यंत बाकी सगळे गप्प. दुसऱ्या ओळीला पेटी, ढोलकी, टाळ आणि माणसे एकदम आत शिरत. वीस वर्षे हे काम त्यांच्याकडे होते. त्याआधी आणि त्याबरोबरही ते महाड-पोलादपूर रस्त्यावर बैलगाडी हाकत. पुढे मोटारी आल्या आणि गाडी सुटली. बायको वारली होती, मुलगा मुंबईला होता. आठवड्याचे सहा दिवस बाबांना कुणी विचारत नव्हते. सातव्या दिवशी त्यांच्या तोंडाकडे पाहत तीस माणसे श्वास धरून बसत. ते काम गेले तर त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते, आणि हे देवळातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मलाही होते.

मी पुण्याला प्रथम गेलो तेव्हा माझी ट्रंक आणि पिशवी त्यांनीच आपल्या गाडीतून वरंधपर्यंत पोचवली होती. घाटाच्या पायथ्याशी बैल सोडून माझ्याबरोबर पहिल्या वळणापर्यंत चालत आले. एवढ्या ऋणानंतर मी जे केले ते सांगायला मला अजून जड जाते.

बाबा कधी कुठल्या सुरात उचलतील याचा नेम नसे. एखाद्या रविवारी इतके वर की पुरुष मध्येच गप्प होत. एखाद्या रविवारी खाली, बायका नुसत्या ओठ हलवत. बहुतेक वेळा चांगले जमे, पण माझ्या कानाला मात्र न जमलेलेच आठवत राहायचे. पहिली ओळ चालू असताना मी हळूच पट्ट्या दाबून त्यांचा सूर शोधत बसे, आणि तो पुष्कळदा दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी असे. मग वाजवायचे काय? पुण्याला मी शिकलो होतो की आधी वाद्याने सूर द्यावा, मग माणसांनी तो घ्यावा. यात माझा कुणाला दुखवायचा हेतू नव्हता. मला वाटत होते की मी जे शिकून आलो ते माझ्या माणसांच्या उपयोगी पडावे. याहून दुसरे काही त्यांना द्यायला माझ्याजवळ नव्हते.

त्या वर्षी कापणीच्या सणाला जिल्ह्याचे मोठे पाद्री साहेब येणार असे कळले. या सणाला लोक नव्या भाताच्या पेंढ्या, काकड्या, नारळ, कोंबड्या आणून वेदीपुढे ठेवत. उपदेशक मला म्हणाले, गाणे जरा नीट बसवा. मी बाबांना तालमीला बोलावले आणि सांगितले की आता मी पेटीवर काळी दोनचा, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीचा सूर देईन, तो घेऊन तुम्ही उचला.

सुतार हसला. म्हणाला, “मास्तर, बाबांना आता चाबूक दाखवताय व्हय? जल्मभर ते बैलांना दाखवत होते.”

बाबा त्याच्यावर रागावले. म्हणाले, “तू गप रे. तो शिकून आलाय. तो सांगंल तसं.”

पहिल्या दोन तालमींत त्यांना सूर धरता येईना. तिसरीला आला. चौथीला तर इतका स्वच्छ आला की सुईणबाईंनी टाळ खाली ठेवून माझ्याकडे पाहिले. आपण एक चांगले काम केले असे मला त्या दिवशी वाटले. खोलीवर जाताना मी गुणगुणत गेलो.

सणाच्या दिवशी देऊळ भरले होते. साहेब खुर्चीवर बसले. प्रार्थना संपली, लोकांनी लांबवून आमेन म्हटले आणि त्याच क्षणी मी भाता ओढून काळी दोन दाबली. बाबा उठले. त्यांनी डोळे मिटले, तोंड उघडले, आणि आवाज आला नाही. त्यांनी मान थोडी फिरवली, आवाज कुठून येतोय हे पाहावे तशी. पुन्हा तोंड उघडले. अर्धा शब्द निघाला, तो कुठेच बसेना, आणि त्यांनी तो गिळला. माझा सूर तसाच चालू होता. बंद करायला हवा होता, पण मला वाटले की तो चालू राहिला तर त्यांना मदत होईल. मग मागे कुणीतरी खोकले, साहेबांनी वर पाहिले, आणि मी स्वतःच पहिली ओळ म्हटली.

पुढे सगळे सुरेख झाले. इतके सुरेख आमच्याकडे कधी झाले नव्हते. साहेबांनी नंतर माझा हात हातात घेतला आणि उपदेशकांना सांगितले की शिक्षणाचे फळ असे दिसते. बाबा दारापाशी भेटले. त्यांनी माझ्या दंडावर थोपटले. “बरं झालं रे, तू होतास,” एवढेच म्हणाले.

पुढच्या रविवारी ते शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले. कुणी काही विचारले नाही. आमेन झाले, उपदेशकांनी माझ्याकडे पाहिले, मी सूर दिला आणि गाणे उचलले. असे चार रविवार गेले. चौथ्या रविवारी मी मान वळवून पाहिले, तर सगळे गात असताना बाबांचे ओठ मिटलेले होते.

थंडीत ते गुडघ्यांसाठी जवळच्या सव गावच्या उन्हाळ्यावर, म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर जात. शाळेला सुटी होती त्या दिवशी मी तिथे गेलो. ते पाण्यात पाय सोडून बसले होते. मी शेजारी बसलो आणि सगळे एकदम बोलून टाकले. माझी चूक झाली, मी सूर धरून ठेवायला नको होता, तुम्ही परत पुढे बसा, पेटी मी दुसऱ्या ओळीलाच घेईन.

त्यांनी ओंजळीने गुडघ्यांवर पाणी घेतले. मग म्हणाले, “तुझी चूक नाय. तालमीत आमेन म्हनायला कोन नव्हतं, म्हनून जमलं.”

मला समजले नाही. मग त्यांनी सांगितले. वीस वर्षे ते सूर स्वतःचा लावत नव्हते. लोक प्रार्थनेनंतर जे आमेन म्हणत, त्यातून ते तो घेत. ज्या रविवारी बायका जास्त असत त्या रविवारी सूर वर. मुंबईचे पुरुष सुटीवर आले की खाली. कुणाच्या घरी मयत झालेली असली की आमेन बसके येई, मग गाणेही तसेच बसके उचलायचे. “त्यात सगळी असतात रे,” ते म्हणाले. “ती जिथं हायत तिथनं उचलायचं. दुसरीकडनं उचललं तर ती मागं ऱ्हातात.”

आणि मी नेमक्या त्या आमेनवर पेटी दाबली होती.

मी म्हटले, आता नाही दाबणार. त्यांनी पाय पाण्यातून काढले, पंच्याने पुसले. म्हणाले, “बघू. कानाला एकदा भ्या वाटलं की लवकर जात नाय.” पण त्या रविवारी ते दुसऱ्या रांगेत येऊन बसले, आणि मला फार आशा वाटली.

प्रार्थना संपली. लोकांनी आमेन म्हटले. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. बाबांनी एक हात जमिनीला टेकला आणि ते अर्धे उठले. देवळात सगळ्यांना कळले की काय चालले आहे. सुईणबाई, ज्या उपासनेत कधी कुणाकडे पाहत नसत, त्यांनी मान वळवली आणि हलक्या आवाजात म्हटले, “उचला बाबा.”

ते तसेच अर्धे उठलेले राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. त्यांची मान किंचित हलत होती, एखादी गोष्ट आठवताना हलते तशी. मला ती शांतता सोसेना. आता हे पुन्हा फसणार, पुन्हा सगळ्यांसमोर, असे मला वाटले. उपदेशकांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी भाता ओढला.

बाबा लगेच खाली बसले. जणू तेच ऐकण्यासाठी थांबले होते.

त्यानंतर ते पुन्हा उठले नाहीत. चैत्रात मुलगा येऊन त्यांना मुंबईला घेऊन गेला. मोटार सुटायच्या वेळी आम्ही तिघे तिथे होतो. सुतार टपावर गाठोडे बांधत होता आणि मुंबईच्या देवळात बैल चालतात का असे काहीतरी विचारून त्यांना हसवत होता. मी बाबांना विचारले की तुम्ही त्या दिवशी उचलणार होता का. ते हसले आणि म्हणाले की मला म्हातारपणी काय आठवतंय. मी खरे उत्तर मागत होतो, आणि त्यांनी ते मला दिले नाही. ती त्यांची दयाच होती, हे कळायलाही मला काही वर्षे गेली.

मी महाडात आणखी सहा वर्षे होतो. दर रविवारी मीच गाणे उचलत असे आणि ते नेहमी काळी दोनमध्येच असे. कुणी तक्रार केली नाही. सुतार फक्त एकदा म्हणाला, “मास्तर, आता चुकत कोन नाय. आणि कोन गातंय तेबी कळत नाय.” त्यानंतर तो आणखी उशिरा येऊ लागला.

मधल्या काळात मी पुष्कळदा प्रयत्न केला. प्रार्थना संपताना डोळे मिटून नुसते आमेन ऐकायचो. तीस माणसांचे आवाज मला वेगवेगळे ऐकू यायचे. हा सुईणबाईंचा, हा उपदेशकांचा, हा पुढच्या रांगेतल्या पोराचा. कोण वर आहे, कोण खाली, कोण बेसूर, हे मी नेमके सांगू शकत असे. त्या सगळ्यांचा मिळून एक सूर मला कधी ऐकू आला नाही. तेवढ्यात शांतता लांबायची, लोक माझ्याकडे पाहायचे, आणि मी पट्टी दाबायचो.